आठवं रोप

साहेब, तुम्ही खोटं बोललात. रस्ता रुंद करताना काढलेली माती 'डोंगरकापाची' म्हणून तुमच्या कार्यालयाने आम्हाला फुकट वाटली. एप्रिलमध्ये चार डंपर माझ्या परसात ओतलेत. चूक माझीही आहे. कातळावर घर बांधलेला माणूस मातीला तिचं गाव विचारत नाही. मिळाली की पसरतो.

मी पंप दुरुस्त करतो. दिसेल ते मोजून बघायची सवय आहे. गणपती गेले आणि परसात आठ रोपं उगवली. गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. खोड मऊ, भर पावसातही हाताला कोमट लागणारं. पान चुरडलं की कच्च्या दुधाचा वास. फोनमधलं झाडं ओळखणारं ॲप दर वेळी 'पुन्हा फोटो काढा' म्हणायचं. पावस गावचे आंब्याची कलमं बांधणारे श्रीपतीकाका आले, पान हुंगलं आणि हात धोतराला पुसले.

"आंब्याचा रोग विचार रे बाबा. हे नको."

माती तुमची, म्हणून तुम्हालाच नमुना पाठवला. तुमचं उत्तर आलं: 'सदर वनस्पती तण आहे. उपटून टाकावी.'

रोपं उन्हाकडे वळत नव्हती. सकाळी दहाला हौसाबाई मासे घेऊन फाटकात हाक मारायची, तेव्हा सात रोपं फाटकाकडे झुकलेली असायची. वारा नसताना. आठवं तेवढं स्वयंपाकघराच्या दाराकडे.

सोमवारी मी हौसाबाईला परसात नेलं.

"तण बघायला मला बोलावलंस, संदेशा? मी काय शेतकी हापिसर हाय?"

मग तिचं हसू थांबलं. तिने पाटी उतरवली. सात रोपांच्या बुडाशी जांभ्याचा एकेक चपटा दगड होता. ही माती मी स्वतः फावड्याने पसरली होती. तेव्हा त्यात एकही दगड नव्हता.

हौसाबाई चौथ्या रोपापाशी बसली.

"ही आमच्या वाडीखालच्या उतरणीची माती. दात न आलेली पोरं आमी तितं पुरायचो. वर जांभा ठेवायचो." तिने खोडावरून हात फिरवला. "ह्यो माजा."



"पण आमच्या वाडीची सातच होती रे," ती म्हणाली. "ह्यो आठवा कुणाचा?"

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको श्रद्धा उभी होती. तिला पाचवा महिना आहे.

हौसाबाईने पाटी उचलली आणि मासे न विकताच गेली. मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. आठवं रोप दोन्ही हातांनी धरलं आणि जरासं ओढलं.

घरात पातेलं पडलं.

मी हात सोडले. आत धावलो. श्रद्धा ओटा धरून वाकली होती.

"आतून कुणी तरी ओढलं," ती म्हणाली.

काल तुमच्या माणसाचा फोन आला. तक्रार बंद करायची आहे म्हणे, गुरुवारी तणनाशक घेऊन येतो. मी फाटकाला कुलूप घातलंय. कुंपणावरून फवारलंत तर तुमचे हात तोडीन, हे लेखी देतो.

आता तुम्ही लेखी द्या. माती कुठून उचललीत? उचलताना काय काय दिसलं? आणि आज सकाळी, कुलूप जसंच्या तसं असताना, आठव्या रोपाशीही एक जांभा आलाय. खालची बाजू अजून ओली आहे.

तो कुणी ठेवला? गुरुवारच्या आत उत्तर हवं.