पाहुण्यांच्या सपाता

"डावा हात अडतोय."

मी दचकले. ट्राममध्ये शेजारी बसलेला तरुण माझ्या गुडघ्यांकडे बघत होता... म्हणजे, गुडघ्यांवर पळणाऱ्या माझ्या बोटांकडे. बाहेर वितळत्या बर्फाचा नुसता चिखल झाला होता.

"लोकांच्या मांडीकडे बघायची सवय आहे वाटतं?"

"नाही हो! पण उजवा हात इतका मजेत धावतो, आणि डावा दर वेळी तिथेच थबकतो... माझा जीव टांगणीला लागला."

हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. "घरचा पियानो कामातून गेलाय. मांडीवर किती जमणार?"

वसंतात संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. मागच्या वर्षी प्रवेश थोडक्यात हुकला होता, आणि वयाच्या नियमाने ही शेवटची संधी. आज चांगला पियानो मिळाला तर ठीक. फसले, तर दुसरा शोधून त्यावर हात बसेपर्यंत परीक्षा उलटून जाणार होती.

तोही माझ्याच थांब्यावर उतरला. माझ्याच गल्लीत वळला. त्याच दारात शिरला!

"पाठलाग चाललाय का?"

"मी पुढे आहे, वेंडुलाबाई. म्हणजे पाठलाग तुमचा." माझं नाव त्याने पिशवीवर वाचलं होतं, लबाडाने. "कोणाकडे?"

"द्राहोमीराबाईंकडे. पियानो बघायला."

त्याचं हसू विझलं. "ती... माझी मावशी. मी रादिम." त्याने वर जिन्याकडे पाहिलं. "तुम्ही सावकाश या हं, जिना निसरडा आहे." आणि उड्या मारत वर पळाला की!

माझ्या मनात पाल चुकचुकली. मावशीला सावध करायला गेला असणार.

वर पोचले तर द्राहोमीराबाई जोड्यांच्या कपाटात डोकं घालून बसलेल्या. "अगं बाई! पाहुण्यांच्या सपाता गेल्या कुठे? एक जोड सापडेल तर शपथ! रादिम, सकाळी होत्या ना रे?"

"मला काय माहीत, मावशी?" रादिम छताकडे बघत म्हणाला.

पाहुणी नुसत्या मोज्यांवर घरात येणार म्हणून बाई लाजेने अर्ध्या झाल्या. मी बूट काढले आणि आत गेले.

पियानो अक्रोडाच्या लाकडाचा होता. गुरूंनी घोटून घेतल्याप्रमाणे पुढची फळी काढली, आत टॉर्च मारला. हातोड्यांच्या लोकरीवर तारांचे खोल वळ नव्हते. मागच्या पातळ फळीला तडा नव्हता. एकेक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबून पाहिली. खर्ज असा काही घुमला... मी प्रेमातच पडले. पियानोच्या! मान वर केली की रादिमची नजर माझ्यावर, आणि लगेच खिडकीबाहेर. त्याच्या कपाळावर घाम का होता?

एक गोष्ट टॉर्चने दिसत नाही. तारांच्या खुंट्या ज्या लाकडात रुतलेल्या असतात, ते उष्णतेने सुकलं की खुंट्या सैल पडतात. आज सूर लावा, गोड वाजेल. थोड्याच दिवसांत सगळे सूर उतरतात. आणि हा पियानो नुकताच लावून घेतलेला होता.

"बाई, हा कधी शेगडीजवळ होता का?"

"छे! माझ्या लग्नापासून याच भिंतीशी आहे. विचार हवं तर रादिमला."

मी त्याच्याकडे पाहिलं. हो म्हण... नाही म्हण... काहीतरी म्हण ना!

"मी कॉफी आणतो," तो म्हणाला. अस्सा राग आला मला!

कॉफीचा कप त्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खोली तापवणाऱ्या उंच शेगडीपाशी ठेवला. "इथे येऊन प्या. पाय गारठले असतील."

गेले. तिथल्या गालिच्यावर पाय ठेवला, आणि अंगठा खळग्यात रुतला. पाय सरकवला. आणखी एक खळगा. मी वाकून गालिचा उचलला. लाकडी जमिनीवर, पियानोखाली असतात तशा जड चाकांचे गोल खड्डे, वर्षानुवर्षांचे.

"ते... ते कपाटाचे आहेत," बाई चाचरल्या.

"कपाटाला चाकं असतात का हो, बाई?"

मी रादिमकडे वळले. "आणि तुम्ही? ट्राममध्ये इतकं गोड बोलत होता... शी!"

मी बूट घातले आणि निघाले.

थांब्यावर डोळे भरून आले. पियानो गेला, परीक्षाही गेल्यात जमा. आणि तो... त्याचं का एवढं लागावं मला?

"वेंडुला!"

धापा टाकत, कोट न घालताच आला होता. काखेत पिशवी. त्याने ती उघडली. आत लोकरीच्या सपाता, जोडच्या जोड!

"मावशीने लहानाचं मोठं केलं मला," तो म्हणाला. "परवा पियानो सरकवताना तिने शपथ घातली, कोणापुढे तोंड उघडायचं नाही. जिन्यात कळलं, तो तुम्हालाच विकायचाय. तुमचा तो डावा हात आठवला... शपथ मोडता येईना, तुम्हाला फसू देववेना. म्हणून आधी पळालो, सपाता लपवल्या. त्या घातल्या असत्या, तर खड्डे कळले असते का पायाला?"

"आणि मला कळलंच नसतं तर?"

"मग मोडली असती शपथ," तो हळूच म्हणाला. "कॉफी आणताना तेवढंच ठरवत होतो."

ट्राम आली. तो माझ्यामागोमाग चढला.

"शनिवारी आणखी एक बघायचाय," मी म्हणाले. "अनोळखी लोकांकडे. येशील?"

'येशील' निघून गेलं तोंडातून. त्याचे कान लाल झाले.

"येईन ना! आधी पियानो सरकवून बघीन, मग तू वाजव. मिळेपर्यंत घरोघर फिरू." त्याने हात पुढे केला, तळवा वर. "तोवर... मांडीपेक्षा हा बरा का बघ."

मी त्या गार तळहातावर बोटं टेकवली आणि वाजवायला लागले. डावा हात अडला नाही.