पाहुण्याची टर्न

हे खरं घडलेलं आहे. मी कवळ्या बनवतो, गोष्टी बनवत नाही. मला चेष्टेची सवय आहे म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

रात्र नव्हती. कुत्रीही रडत नव्हती. रविवार, दुपारचे पावणेतीन. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं भाड्याचं घर. मी आणि बायको हॉलमध्ये बसलो होतो.

आणि आतल्या खोलीत टेबलावर कुणीतरी बोट वाजवलं.

टक... टक.

दोनदाच.

त्याचा अर्थ फक्त आम्हा दोघांना माहीत होता. आणि आम्ही दोघंही बाहेर होतो...

थोडं मागे जातो.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि कॉलेजपासून कॉम्प्युटरवर एकच गेम खेळते. गावं वसवायची, सैन्य जमवायचं, शेजाऱ्याचं गाव हिसकवायचं. मी सहा महिने तिची टिंगल केली. मग एकदा तिला ताप आला. म्हणाली, "माझं राज्य जरा सांभाळ."

मी बसलो. उठलो तेव्हा तिचा ताप उतरला होता आणि वार बदलला होता.

मग आम्ही एकमेकांविरुद्ध खेळायला लागलो आणि घरात नियम आले. खुर्ची एकच. ज्याची टर्न तो आत, दुसरा बाहेर, दार बंद. टर्न संपली की टेबलावर दोनदा टकटक, मग दुसऱ्याने आत जायचं. गावांना तिने आमच्याच घरातली नावं दिली होती. स्वयंपाकघर, न्हाणीघर, हॉल, बाल्कनी.

मी रोज हरायचो.

"कवळी," ती मला कवळीच म्हणते, "आज चार गावं गेली तुझी. पार बोळकं झालं."

मला ते लागलं. मी लबाडी केली.

खेळात तिसरा खेळाडू घातला. तिला सांगितलं, याला कॉम्प्युटर खेळवतो. खरं तर मीच खेळवायचो. माझी टर्न झाली की त्याचीही उरकायची, अर्थात माझ्या फायद्याची, आणि मगच टकटक. गेमने त्याचं नाव विचारलं तेव्हा मी लिहिलं... पाहुणा.

त्या रविवारी माझी टर्न झाली होती. पाहुण्याची राहिली होती. तेवढ्यात बायकोने हाक मारली म्हणून मी बाहेर आलो.

टक... टक.

"आत कोण आहे रे?" बायको म्हणाली.

"लाकूड वाजतं उन्हाने."

"दोनदा मोजून?"

आत कुणीच नव्हतं. खुर्ची मागे सरकवलेली. मी बसलो...

गरम होती.

पाहुण्याने माझंच एक गाव घेतलं होतं. बाल्कनी.

संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडेना. कडी बाहेरून लागलेली. आधीच्या भाडेकरूने ती बाहेरूनही बसवून घेतली होती. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. सुतार आला, त्याने फटीतून पाहिलं.

"साहेब, बाहेर माणूस असल्याशिवाय ही लागत नाही."

फटीतून कापून त्याने कडी सोडवली, बाल्कनीत एकदा डोकावला आणि निघून गेला. बाहेर कुणी नव्हतं. त्याची करवत अजून आमच्याकडे आहे. मी नवी कडी बसवली. तीही बाहेरून. मला का सुचलं, देव जाणे.

दोन दिवसांनी खालचे काका वर आले.

"अरे, दुपारी खुर्ची किती सरकवता? डोळ्याला डोळा लागत नाही."

"काका, दुपारी आम्ही दोघंही कामावर असतो."

"मग तिसऱ्याला सांगा."

मी त्याच दिवशी कॉम्प्युटरचा प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा वर आले.

मग स्वयंपाकघर पडलं. गेम बंद होता, तरी घरात. दार आतून बंद, आत नळ चालू. आम्ही हॉलमध्ये कोरडी बिस्किटं खात बसलो. त्यानंतर न्हाणीघर पडलं आणि तेव्हा मात्र परिस्थितीचं गांभीर्य दोघांच्याही लक्षात आलं.

"तूच करतोयस ना हे?" बायको ओरडली.

मी कबूल केलं. सगळं नाही. फक्त पाहुण्याची टर्न मीच खेळायचो, इतकंच.

तिने बिस्किटांचा पुडा खाली ठेवला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं मिळून मला मारत होतात."

"दोघं कुठले? मी एकटाच होतो."

"तेच तर."

तिने प्लग लावला. आत जाऊन दार लावून घेतलं. "गेम माझा आहे. तू बाहेर थांब."

मी थांबलो. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग... दुसरी खुर्ची सरकली.

आमच्याकडे खुर्ची एकच आहे.

आणि बायको हसली. खेळताना ती कधी हसत नाही. माझ्याशी तर नाहीच.

टक... टक.

ती बाहेर आली. मागोमाग स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडलं. नळ थांबला.

"तह झाला. सगळ्या खोल्या परत."

"आणि त्याला काय दिलंस?"

ती शांतपणे चष्मा पुसत राहिली. "तुझी टर्न."

"म्हणजे?"

"तुझ्या जागी आता तो. तसाही तू दोघांच्या नावाने खेळतच होतास. एक कमी झाला."

"आणि मी?"

"तुला बाल्कनी ठेवलीये."

मला वाटलं, राग आहे, उतरेल.

पण तेव्हापासून ती ताटं दोनच घेते, आणि मी बसायला जातो तेव्हा दुसरं उष्टं असतं. माझा टूथब्रश मी वापरायच्या आधीच ओला असतो. आतल्या खोलीचं दार वाजवलं की ती आतून म्हणते, "थांब रे जरा, त्याची टर्न चालू आहे."

आज मला सुट्टी आहे. ती दुकानात. पावणेतीनला आत खुर्ची सरकली.

टक... टक.

नियमाप्रमाणे आता मी आत जायला हवं होतं.

मी बाल्कनीत आलोय. इथूनच फोनवर हे लिहितोय. कडी बाहेरून लावलीये... मीच.

आत्ता पावलं दारापर्यंत आली. कुणीतरी दार हलकेच ढकलून पाहिलं. एकदा. पुन्हा एकदा. मग आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला.

आवाज माझा आहे.

"नमस्कार, सुतार ना? अहो, बाल्कनीचं दार उघडत नाहीये. हो, तिसरा मजला. करवत आणू नका, आमच्याकडे आहे."