दोन खाचांचा नॉब

शटर अर्ध्यावर ओढलेलं असलं की दुकान बंद आहे, हे कुणालाही कळतं. घरचे जिला घोरपड म्हणत, त्या मुलीलाही कळलं, तिने फक्त ते मनावर घेतलं नाही. पर्स छातीशी धरली, वाकली आणि सरळ शटरखालून आत शिरली. आत काउंटरमागे एक तरुण डबा उघडून बसला होता. पहिला घास तोंडात, आणि डोळे हे एवढे मोठे!

"जेवणाची सुट्टी आहे," तो कसाबसा घास गिळत म्हणाला.

"जेवा की. मी थांबते."

समोरच्या स्टुलावर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली. असं कुणी टक लावून बघत असताना जेवण जाईल का हो कुणाला? चौथ्या घासाला त्याने डबा मिटला.

"बोला. काय हवंय?"

"गॅसच्या शेगडीचं थर्मोकपल. चार बर्नरची, खाली ओव्हन असलेली. बावीस वर्षं जुनी."

"नाही मिळणार."

"अहो, मी अजून मॉडेल नंबरही सांगितला नाही!"

"बावीस वर्षं म्हणालात तिथेच कळलं. तसल्या शेगड्या आता बनतच नाहीत. नवीन घेऊन टाका."

"नवीन घ्यायची असती तर रांगत आले असते का मी?"

तो हसला. हसताना त्याचे कान हलले... हे तिने पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं स्वतःला सांगितलं. मनातल्या मनात त्याचं नावही ठेवून टाकलं: नाही-मिळणार.

तिचं घोरपड हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. एकदा धरलं की ही सोडत नाही, म्हणून. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दात काढायच्या भीतीने दडून बसलेल्या लोकांना फोन कर-करून खुर्चीत आणून बसवायचं, हा तिचा रोजचा उद्योग. कुणाच्या एका 'नाही'ला ती काय भीक घालणार!

आणि या वेळी तर प्रश्न आईचा होता. आईची नजर गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेली होती. पण स्वयंपाक तीच करायची, हाताच्या अंदाजाने, आणि कुणी मदतीला गेलं तर त्याला स्वयंपाकघरातून हाकलून द्यायची. आता महिनाभर ती वापरायची त्या एका बर्नरची ज्योत टिकत नव्हती. दादा घाबरला, आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. 'रविवारी सकाळी दहापर्यंत दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर काचेची, टचवाली शेगडी येणार,' असं त्याने सांगून टाकलं होतं. गुळगुळीत काच. बोटांना काही लागायचं नाही. "म्हणजे मी खुर्चीत बसून राहायचं," आई एवढंच म्हणाली होती, आणि त्या दिवशी जेवली नव्हती. आज मंगळवार होता.

हे सगळं घोरपडीने एका दमात सांगितलं. ऐकताना त्याने डबा बाजूला सारला.

"नॉब दाबून धरला की ज्योत जळते, सोडला की विझते... असंच ना?"

"अगदी असंच!"

"ज्योतीशेजारी तांब्याची एक काडी असते, तेच थर्मोकपल. ते तापलं तरच गॅसचा कॉक उघडा राहतो. आधी साफ करून बघा. गॅस बंद करून, शेगडी गार झाल्यावर बरं का. पॉलिश पेपरने टोक हलकेच घासा. नाहीच जमलं तर काढून इथे आणा. नमुना बघितल्याशिवाय मी पार्ट देत नाही."

"पण मघाशी तर 'नाही मिळणार' होतं!"

"अजूनही आहे. पण तुम्ही काही ऐकणार नाही, असं दिसतंय."

बुधवारी घासून झालं. ज्योत काही टिकली नाही. गुरुवारी ती रुमालात गुंडाळून थर्मोकपलच घेऊन गेली. मग दोघं जमिनीवर बसून पत्र्याचे डबे उपसू लागले. नट, जेट, वॉशर, बर्नरच्या टोप्या... एकाच डब्यात दोघांचे हात एकदम गेले. तिने हात मागे घेतला नाही. त्यानेही नाही.

"डबा एवढा मोठा आहे," ती म्हणाली, "आणि तुम्हाला नेमका हाच कोपरा सापडला?"

"चांगला माल कोपऱ्यातच असतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालभडक झाले.

तेवढ्याच लांबीचं, तसल्याच नटाचं थर्मोकपल खरंच सापडलं. घोरपड उड्या मारत घरी गेली. शुक्रवारी तोंड पाडून परत आली. नवं बसवलं, तरी नॉब सोडला की ज्योत गुल.

त्याने कानामागे खाजवलं. मग म्हणाला, "मी घरांत जात नाही दुरुस्तीला. फक्त दुकान बघतो."

"बरं."

"उद्या दुपारी किती वाजता येऊ?"

शनिवारी तो पिशवी घेऊन आला. स्वयंपाकघराच्या दारात चपला काढल्या, आईला "काकू, जरा पेटवून दाखवता?" म्हणाला. आईने नॉब दाबला, फिरवला. ज्योत आली. दहा आकडे मोजून सोडला... गेली. त्याने नॉब ओढून काढला, तर आतून लाल दोऱ्याचं वेटोळं खाली पडलं. तो दोऱ्याकडे बघत राहिला. मग पकडीने उघडी दांडीच आत दाबली, पेटवली, दहा आकडे मोजले आणि सोडली.

ज्योत जळत राहिली. निळी, शांत.

"अगं बाई!" घोरपड ओरडली.

"तुमचं जुनं थर्मोकपलही चांगलंच होतं. नॉब आतून फुटलाय. दाबला की घसरून पत्र्याला टेकतो, आणि दांडी पुरती आत जातच नाही." त्याने शेजारच्या बर्नरचा नॉब लावून पाहिला. बसेना, मोठ्या बर्नरची दांडी जाड होती. "हा दोरा कुणी गुंडाळला?"

घोरपडीने खांदे उडवले. मग आई म्हणाली, "मी."

"आई! मी आठवडाभर जिवाचं रान करतेय, आणि तू..."

"सांगितलं असतं तर तुम्ही फेकून दिला असता हा नॉब." आईने हात पुढे केला. नॉब हातात आल्यावर तिचा अंगठा आपसूक कडेवरून फिरला. "माझी नजर कमी व्हायला लागली तेव्हा ह्यांनी कानशीने खाचा पाडून दिल्या होत्या. खोल खाच वर आली की बंद. उथळ आली की बारीक. ते गेले, पण हे तर रोज माझ्या हाताशी होतं ना."

घोरपडीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. नाही-मिळणारने मान खाली घातली होती.

"काकू, एक रात्र हा माझ्याकडे द्याल? उद्या जसाच्या तसा परत आणतो. शब्द देतो."

आईने क्षणभर विचार केला आणि नॉब त्याच्या तळहातावर ठेवला.

दारापाशी घोरपडीने विचारलं, "तसला नवा मिळेल ना हो?"

"नाही मि..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "बघतो."

रविवारी साडेआठलाच ती दुकानाशी हजर. शटर अर्ध्यावर! ती वाकून आत शिरली, आणि तिथेच थबकली. मागच्या गोदामातल्या भंगार शेगड्या उलट्यापालट्या पडल्या होत्या. काउंटरवर लोखंडाचा कीस, एक कानस आणि खाचा पाडून बिघडवलेले चार नॉब. आणि तो... डोळ्यांवर रुमाल बांधून पाचव्या नॉबच्या कडेवरून बोट फिरवत होता, मग आईच्या जुन्या नॉबवरून, मग पुन्हा नव्यावरून. "अजून जराशी खोल," स्वतःशीच पुटपुटत होता.

घोरपडीला तो आवडला. आवडत होताच मंगळवारपासून, पण आता फारच आवडला.

"शटर अर्ध्यावर आहे," रुमाल न काढताच तो म्हणाला. "म्हणजे दुकान बंद."

"मीच आहे हे कसं ओळखलंत?"

"दुसरं कोण रांगत येतं इथे? डोळे मिटा. आणि सांगा, बंद कुठे, बारीक कुठे."

तिने डोळे मिटले. त्याने चाचपडत तिचं बोट धरून कडेवर ठेवलं.

"...हे बंद."

"बरोबर."

"हे बारीक."

"एकदम बरोबर."

"झालं ना? मग बोट सोडा आता."

"सोडतो," तो म्हणाला. सोडलं मात्र बऱ्याच वेळाने.

बरोबर दहाला दादा आला, मागे दोन हमाल आणि भलं मोठं खोकं. आई शेगडीपुढे उभी होती, नवा नॉब लावून नाही-मिळणार बाजूला. तिने नॉब चाचपला, दाबला, पेटवला. एक... पाच... दहा. तिने हात काढला. ज्योत तशीच. मग तिने अंगठ्याने उथळ खाच शोधून वर आणली, आणि ज्योत बारीक झाली. दादा साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का ते दोनदा बघून आला. मग आईजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला भीती वाटते गं तुझ्यासाठी."

"माहितीये. बस, चहा टाकते. त्या दोघांनाही बसव. खोकं परत उचलायचंय त्यांना."

नाही-मिळणारने जुना नॉब आईच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि हळूच बाहेर पडला. घोरपड मागोमाग जिन्यापर्यंत धावली.

"चहा न घेताच?"

"दुकान... म्हणजे..." त्याने चप्पल पायात सरकवली. "आता तुमचं काही बिघडलेलं नाही. दुकानात यायचं काही कारण नाही तुम्हाला."

"आहे ना. ओव्हनचा दिवा दोन वर्षं लागत नाही."

"त्या मॉडेलचा दिवा नाही मि..." तो थांबला. "शोधावा लागेल. बरेच दिवस लागतील."

"जाऊ दे तो दिवा!" ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. मी पाठ सोडणाऱ्यातली नाही, हे तुम्ही पाहिलंयच. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

त्याने तोंड उघडलं. आयुष्यभर ओठांवर बसलेला तो एक शब्द या वेळी काही येईना. कान मात्र हलले.

"चार नॉब बिघडवले काल," तो शेवटी म्हणाला. "पाचवा बिघडला असता तर सहावा शोधला असता. तुम्ही परत यावं म्हणून."

आतून आईचा आवाज आला. डोळे अधू झाल्यापासून तिचे कान भलतेच तिखट झाले होते. "दार उघडं टाकून काय बोलताय? वाऱ्याने ज्योत फडफडतेय माझी! काय ते आत येऊन बोला, दोघंही. चहा ठेवलाय."

त्याने पायातली चप्पल पुन्हा काढली. घोरपडीने दार लावून घेतलं.