फिर्मिनची पट्टी

ओडिलॉन मास्तर आपला बँड घिऊन दुपारी रेडिओच्या इमारतीत शिरला तवा गेंट शहरावर असं धुकं व्हतं, की ट्राम दिसायच्या आधी तिची घंटाच अंगावर यायची. काम साधंच. गाणी वाजवायची, काचंपलीकडच्या रेडिओवाल्यानं ऐकायची. आवडलं तर दर शनवारी कार्यक्रम, न्हाई तर बँड मोडला. लढाई संपली, अमेरिकन शिपाई घरी गेले, नाचघरं ओस पडली. आता हा एकच दरवाजा उघडा व्हता.

अन् नेमके आताच मास्तराचे दात गेल्याले. उभी हयात सॅक्सोफोन फुंकला, पार ब्रुसेल्सपतुर पोस्टरं लागली, अन् आता तोंडात कवळी. कवळीवर सॅक्सोफोन धरायचा म्हंजे ओल्या साबणावर उभं ऱ्हायचं.

मास्तरासकट सॅक्सोफोनवाले चार, खुर्च्या पाच. पाचवी, मास्तराच्या शेजारची कडेची, फिर्मिनची. मास्तराच्याच गावचा गडी, छातीच्या दुखण्यानं गेला. त्या बँडची रीतच व्हती, वर्षाची प्रार्थना होईस्तवर मेल्याचं वाद्य त्याच्या खुर्चीवर ठिवायचं.

"जिता असताना कधी येळेवर आला न्हाई," ढोलवाला लोडे म्हणाला, "आज बघा, सगळ्यांच्या आधी बसलाय!"

"गप ए टोणग्या," मास्तर खेकसला. "कांड्या धर."

भिंतींना जाड नमदा लावल्याला. शब्द तोंडातनं निघाला की तिथंच मरायचा. चौघांनी आपापल्या वाद्याच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी जिभंवर धरून भिजवली. कोरडी पट्टी वाजत न्हाई, नुसती किंचाळती.

शेवटचं गाणं संथ. त्यात एक लांबलचक ओळ. म्होरक्या, म्हंजे मास्तर, जिथं दम घेईल तिथंच बाकीच्यांनी घ्यायचा. मास्तराचा दम कायम मधीच तुटायचा, अन् फिर्मिन शिव्या घालायचा, "तिथं न्हाई मास्तर! अजून म्होरं!"

आज ती ओळ आली, अन् मास्तराची कवळी सटकली.

त्यानं वाद्य तोंडातनं काढलं. संपलं सगळं, असं मनात आलं.

पण सूर थांबला न्हाई.

त्याचाच सूर... न्हाई, त्याच्यापेक्षा गोल, ऊबदार. मास्तर बावळटासारखा हातातल्या वाद्याकडं बघत बसला. शेजारच्यांचे डोळे कागदावर. ओळ लांबत गेली, मधी तुटली न्हाई, पार म्होरं जाऊन सगळ्यांनी एकदम दम घेतला. नाकाशी बडीशेपेचा वास आला. फिर्मिन दिवसभर बडीशेपेच्या गोळ्या चघळायचा.

गाणं संपलं. लोडे हसत म्हणाला, "मास्तर, कवळी बसली म्हणायची!"

"तू... बघितलं न्हाईस?"

"काय बघायचं?"

काचंपलीकडनं रेडिओवाल्याचा आवाज आला. "मास्तर, तुमचा हाच सूर पायजे मला. शनवारपासनं या. फकस्त त्या कडेच्या माणसाला घरी ठिवा. दम घेताना छाती घरघरती त्याची, माईकमधी येतं सगळं."

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली. कडेला तर पाचवी खुर्ची.

मास्तराचं डोस्कं चालंना. त्यानं आपल्या वाद्याची पट्टी चाचपली. मघाशी भिजवल्याली, तरी खडखडीत कोरडी, जशी दुकानातनं आणल्याली. मग हात लांब करून फिर्मिनच्या वाद्याला लावला, अन् चटका बसल्यागत मागं घेतला. बोटं ओली झालती.

"मास्तर," लोडे कुजबुजला, "हो म्हणा की! कुणाला म्हणतोय ते जाऊ द्या मसणात. वाद्य घरी ठिवू, झालं!"

मास्तरानं पोरांची तोंडं बघितली. हिवाळा दारात उभा व्हता.

"त्याला ठिवून न्हाई जमायचं, सायब," तो हळूच म्हणाला. "तो... संगंच यील."



"बरं," काचंपलीकडनं आवाज आला. "पण त्याला सांगा, वाजवताना तुमच्या खांद्यावर हनुवटी टेकवत जाऊ नको."