प्रतिगावातला वड

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत चैती शिरली, तेव्हा तिची झिपरीआत्या भिंतीएवढ्या पडद्यावर बसून कादंबरीकार हेरंब फणसळकरांशी गप्पा मारत होती. खरी आत्या त्या वेळी डोंगरात, पाड्यावर होती. ही तिची प्रतिकृती.

या यंत्राला प्रतिगाव म्हणत. आजवर जे जे अभ्यासक पाड्यावर जाऊन आले, त्यांची सारी ध्वनिमुद्रणं त्यात भरली होती. त्यातून माणसं उभी राहिली आणि विचारलं की बोलू लागली. फणसळकरांनी त्यांना विचारून विचारून जाडजूड कादंबरी लिहिली, तिला मानाचा पुरस्कारही मिळाला. पाड्यावर मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. गरजच काय? चिखल नाही, जळवा नाहीत आणि कोणी ‘नाही’ म्हणेल ही भीतीही नाही.

चैती त्याच पाड्याची, शिकून भाषायंत्रांची तज्ज्ञ झालेली. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

“तुमच्या शेवटच्या प्रकरणात आमच्या पूर्वजांच्या शिळा डोंगराच्या पश्चिमेच्या सोंडेवर आहेत,” ती म्हणाली. “खाणवाल्यांनी ते प्रकरण अर्जाला जोडलंय. पश्चिम राखू म्हणे, पूर्व आम्हाला द्या. सोमवारी पूर्वेच्या सोंडेला सुरुंग लागणार आहेत.”

“पण मी गावालाच विचारलं होतं,” फणसळकर दुखावले. “माझ्या पदरचं एक अक्षर नाही त्यात.”

“गावाला नाही. यंत्राला विचारलंत.”

प्रतिगाव उभारणाऱ्या डॉ. नयना उपासनी मध्ये पडल्या. “चैती, तू याच विषयातली आहेस. हे यंत्र मनाने काही रचत नाही. ऐकलेलंच सांगतं.”

“मान्य. मग तिला विचारा, पाड्याची बैठक कुठे भरते?”

उपासनींनी विचारलं. पडद्यावरची आत्या गोड हसली. “मोठ्या वडाखाली, बाई. दुसरीकडं कुठं?”

फणसळकरांनी मान डोलावली. त्यांची कादंबरी त्याच वडाखाली सुरू होत होती. समीक्षकांनी त्या वडावर पानंच्या पानं खर्ची घातली होती.

“आता उपग्रहचित्र लावा,” चैती म्हणाली.

झोपड्या दिसल्या, नाचणीची वावरं, मोहाची चार झाडं. वड नव्हता. उपासनींनी जुनी चित्रंही काढून पाहिली. वड कधीच नव्हता.

“म्हणजे यंत्र बिघडलंय?” फणसळकर पुटपुटले.

“यंत्र चोख आहे.” चैतीचा आवाज चढला. “पण त्याने ऐकलं काय? परक्याला सांगितलेलं तेवढंच. माझ्या आजोबांनी एका साहेबाला विश्वासाने दोन शिळा दाखवल्या. त्याने लेख लिहिला, नकाशा छापला. वर्षाच्या आत त्या शिळा शहरातल्या संग्रहालयात गेल्या. आज आमची माणसं तिकीट काढून आपल्याच पूर्वजांच्या पाया पडतात, काचेबाहेरून. तेव्हाच पाड्याने ठरवलं, विचारायला येईल त्याला बसायला खाट द्यायची, चहा द्यायचा आणि चुकीचं सांगायचं. तुमच्या यंत्रात तेच भरलंय. आम्ही चुलीपाशी आपसात बोलतो, ते कुणाच्याच ध्वनिमुद्रणात नाही.”

उपासनींच्या आयुष्यभराच्या कामाचा पायाच खचला होता आणि ते त्यांना कळत होतं. फणसळकरांनाही फार वाईट वाटत होतं. पाड्याचं नव्हे, कादंबरीचं.

“मग शिळांची खरी जागा कुठे?” त्यांनी पेन काढलं. “मी दुरुस्ती छापतो. आजच.”

एवढं ऐकूनही या माणसाने विचारलंच. चैतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग ती खुर्चीत बसली आणि गोड हसली.

“पूर्वेच्या सोंडेवर.”

फणसळकरांनी लिहून घेतलं. उपासनींनी लगेच खाण खात्याला कळवलं, आणि संध्याकाळच्या आत सुरुंगांना स्थगिती आली. चैतीला दारापर्यंत सोडताना उपासनींनी हळूच विचारलं, “हे तरी खरं ना?”

“तुम्ही विचारलंत, मी सांगितलं.”

रस्त्यावर येऊन तिने खऱ्या आत्याला फोन लावला.

“खाण थांबली, आत्या. शिळा पूर्वेला आहेत म्हणून सांगितलं.”

“पूर्वेला?” आत्या चक्रावली. “तिथं तं आपली शेरडं चरतात.”

“म्हणून तर.”

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

शिळांची जागा या गोष्टीतही लिहिलेली नाही, आणि पाड्याचं नावही नाही. विचारायला जरूर जा. चहा मिळेल.