लिव्हची चुलत भावंडं

गणपतीची चवथ सरली, मुंबईकर परत गेले, पण रसिकाची ड्युटी काही सरली नाही. आचऱ्याच्या दवाखान्यात ती नर्स. सणभर तिने इतरांच्या सुट्ट्या भरून काढल्या होत्या आणि आता अंग असं आंबलं होतं, की उभ्या उभ्या झोप लागावी. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. ती घरी जायला छत्री उघडतेय, तोच दारात एक उंचापुरा माणूस येऊन उभा राहिला. सुजलेला अंगठा त्याने दुसऱ्या हातात धरला होता.

“शिंगाळ्याचो काटो लागलो. सिस्टर, हात तोडूचो लागतलो काय ओ?”

“हात राहू दे, आधी बडबड तोडा,” ती म्हणाली आणि छत्री मिटली.

शिंगाळा माशाच्या विषारी काट्याला उतारा एकच, सोसेल तेवढं गरम पाणी. टोपात हात बुडवून त्याला बसवलं, तेव्हा कळलं, नाव धनेश, गाव मिठबाव, नोकरी मालवाहू बोटीवर.

“साती समुद्र फिरलंय, आणि घरच्या खाडीतल्या माशान हरवल्यान,” तो कण्हत म्हणाला. तिला हसू आलं... आणि पाठोपाठ जांभई.

“दमलात वाटता?”

“लिव्ह मिळत नाही ना. विमलाबाई आमच्या इनचार्ज. लिव्ह मागितली, की म्हणतात, चुलत भावंडांची लग्नं सांगू नका. इथे चुलत भावंडांना तोटा नाही, म्हणून.”

“माझी लिव्ह संपाक इली,” धनेश म्हणाला. “एक सांगू? लिव्ह म्हणजे रजा आणि लिव्ह म्हणजे सोडून जाणा. शाळेत ह्याच्यापायी मार खाल्लंय. बोटीवर मेसमध्ये वाचूक एकच पुस्तक, इंग्रजी शब्दांच्या मुळांचा. त्यात कळला, ते दोन शब्द वेगळेच. रजेवाली लिव्ह म्हणजे परवानगी. ती आणि लव्ह, चुलत भावंडां. मूळ एकच.”

“अंगठा दुखतोय ना? मग तिकडे लक्ष द्या.”

“खरा सांगतंय. छापलेला आसा.”

तिने टोपात गरम पाणी ओतलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलंच. “आणि सोडून जाण्यातली?”

“तिचो जुनो अर्थ जाणा नाय. मागे ठेवणा. त्याच्याआधी तर – चिकटान रवणा.”

रसिकाचा चेहरा उतरला. तिचे बाबाही बोटीवरच होते. आईचा अर्धा जन्म दारातल्या खळ्याकडे डोळे लावून गेला. बोटवाल्याशी लग्न करायचं नाही, अशी खूणगाठ तिने कधीच बांधली होती. “मागे चिकटून राहिलेल्याचे हाल पुस्तकात छापत नाहीत,” ती म्हणाली.

अंगठा बरा झाला तरी धनेश येत राहिला. आधी ड्रेसिंगला, मग ड्रेसिंग काढायला, मग काही दुखत नाही हे सांगायला. ड्युटी संपली, की ती फाटकाजवळच्या बाकावर एसटीची वाट बघायची आणि तो शेजारी बसायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा बोलता बोलता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा एसटी गेलेली, आणि तो तिच्यावर छत्री धरून स्वतः अर्धा भिजत बसलेला.

“उठवलं का नाहीस?”

“तुझी लिव्ह होती. कोणीतरी मंजूर करूक नको?”

तिला रडूच आलं. दमलेल्या माणसाजवळ कुणी काही न मागता बसून राहिलं, की ते सोसत नाही.

मग बोटीचं बोलावणं आलं. “माझ्यावांगडा लगीन करशीत?” त्याने सरळ विचारलं. “नको वाटला तर तसा सांग.”

“माका वाट बघूची भीती वाटता रे,” ती म्हणाली. त्याच्याशी मालवणीत ती पहिल्यांदाच बोलली. “आईचा बघलंय मी.” पुढे हो नाही की नाही नाही.

निघायच्या सकाळी ती बाकावर बसली असताना तो बॅग घेऊन फाटकाशी आला. बराच वेळ छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिला. “बरा तर... जातंय मी.”

आपल्याकडे कोथिंबीर आणायला निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणतो. रसिका ताडकन उठली.

“जातंय? असा म्हणतत काय? येतंय म्हण आधी.”

“येतंय म्हटला तर येवचा लागतला. कोणाकडे येव?”

एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरने बेल मारली.

“माझ्याकडे,” ती म्हणाली. “आणि कोणाकडे?”

“आणि वाट बघूची भीती?”

“ती आसाच. पण तू जातंय म्हटलंस, तेची जास्त वाटली.”

धनेश पायरीवर चढला, वळला. “येतंय गो.”

एसटी तिठ्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली. तिचे डोळे भरले, पाय तर कालपासून दुखतच होते. वाट बघणं आताच सुरू झालं होतं. ती डोळे पुसून थेट विमलाबाईंकडे गेली.

“बाई, लिव्ह हवी. आत्ता नाही, उन्हाळ्यात.”

“कारण?”

“लग्न.”

विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. “परत तुझी चुलत भावंडं?”

“चुलतच आहेत,” रसिका हसली. “पण बाई, लग्न माझं आहे.”