काजवालीची साक्ष

पंचविसाव्या आवृत्तीची प्रुफं आली तेव्हा टाचणीसाहेब खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. टाचणी हे टोपणनाव वर्तमानपत्राच्या कचेरीतलं. शोधपत्रकार म्हणून त्यांनी भल्याभल्यांना टोचलं होतं, आणि टोचताना प्रत्येक वाक्यामागे एक कागद टाचला होता. पुढे नोकरी सोडून ते इतिहासाची पुस्तकं लिहू लागले. सात पुस्तकं झाली, मानपत्रं भिंतीवर मावेनात. कचेरीतल्या नव्या पोरांना ते एकच मंत्र द्यायचे: एकाने सांगितली ती वावडी, दोघांनी सांगितली ती बातमी.

मेख अशी, की ज्या पुस्तकाने त्यांचं नाव झालं, ज्याची ही पंचविसावी आवृत्ती निघत होती, त्यातला दुसरा साक्षीदार साहेबांनी पदरचा घातला होता.

ते पुस्तक होतं कपड्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या सव्वीस बायका मागच्या जिन्याने खाली धावल्या, आणि जिन्याचं दार बाहेरून कुलूपबंद. दार कोणी लावलं, हे चौकशीत शेवटपर्यंत ठरलं नाही. साहेबांना एका कारकुनाने सांगितलं की वॉचमनने लावलं. साहेबांना ते एकदम पटलं, पण सांगणारा एकच, आणि छपाईची तारीख उरावर बसलेली. मग एका दुपारी याच टेबलाशी त्यांनी शर्टांना काजं करणारी एक बाई तयार केली. आगीतून वाचलेली, नाव छापू नका म्हणणारी. पुस्तकात ती नुसती 'काजवाली'. तिने वरच्या खिडकीतून वॉचमनला किल्ली फिरवताना पाहिलं होतं. दोन पानांची साक्ष. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. वॉचमनला मात्र त्यानंतर कोणी दारात उभं केलं नाही.

आणि आता तीन महिन्यांपूर्वी, भलत्याच कामासाठी जुनी दप्तरं उपसताना, त्यांच्या हाती कारखान्याचं हजेरीपुस्तक लागलं. आगीच्या दिवशी वॉचमन पुढच्या फाटकावर होता. सकाळपासून दर तासाला सही, अगदी आगीच्या तासापर्यंत. त्यातच वॉचमनच्या मुलीचं पत्र आलं. ती निवृत्त नर्स. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तिने लिहिलं होतं. तुमची ती बाई हयात असेल तर मला एकदा भेटवा. तुमची खात्री आहे ना, एवढंच मला तिला विचारायचंय.

साहेबांनी ठरवलं, त्या माणसाच्या नावावरचा डाग पुसायचा, पण गाजावाजा न करता. कबुली दिली तर सातही पुस्तकांवर पाणी पडणार. त्यापेक्षा काजवालीची दोन पानं गुपचूप काढायची आणि त्या जागी हजेरीपुस्तक घालायचं. सापही मरेल, काठीही मोडणार नाही. पान एकशे चौदा आणि एकशे पंधरावर त्यांनी लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि प्रुफं परत धाडली.

आठवड्याने दुसरी प्रुफं आली. दोन्ही पानं जागच्या जागी. वर एक वाक्य जास्तीचं: 'बोलताना ती डावा अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरून ठेवायची.'

साहेबांनी वाक्य तीनदा वाचलं. ते त्यांचं नव्हतं. त्यांनी संपादकबाईंना फोन लावला.

"बाई, ही दोन पानं मी काढायला सांगितली होती."

"नाही हो साहेब. तुमच्या खुणांची प्रत माझ्यासमोरच आहे. या पानांवर काही नाही."

"आणि हे अंगठ्याचं वाक्य कोणी घुसडलं?"

बाई हसल्या. "घुसडलं काय? पहिल्यापासून आहे ते. मी शाळेत असताना वाचलं होतं, मला तर तेवढंच लक्षात राहिलंय."

साहेबांनी फोन ठेवला आणि कपाटातून पहिली आवृत्ती काढली. पान पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर त्यांच्याच चहाचा डाग. वाक्य तिथे होतं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं, पान उन्हासमोर धरून पाहिलं. शाई जुनी होती. कोणीतरी पुस्तक बदललं असणार, दुसरं काय? पण चहाचा तोच डाग कोण पाडेल? आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्याचा वास घेतलेला माणूस. स्वतःच्याच कपाटाशी उभा राहून तो संशयाने हुंगत होता.

बायको आत पेपर वाचत होती. साहेबांनी दारातूनच विचारलं, "माझ्या कपाटाला हात लावलास?"

"मी कशाला लावू? धूळ बघितलीय का तिथली?" तिने पेपर खाली केला. "काय शोधताय?"

"काजवालीचं जरा बघत होतो."

"बिचारी," बायको म्हणाली. "आपल्याकडे आली तेव्हा पाणी प्यायली, पण काही केल्या खुर्चीवर बसेना. उभ्यानेच बोलली सगळं."

"केव्हा आली होती?"

"अहो, असं काय करता? तुम्हीच नव्हतं का आणलंत तिला?"

साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिची थट्टा कुठल्या भुवईपासून सुरू होते ते त्यांना ठाऊक होतं. भुवई हलली नाही. ती पुन्हा पेपरात गेली.

मुलाखतींच्या कॅसेट त्यांनी तारखेवार डब्यांत ठेवल्या होत्या. त्या वर्षाचा डबा त्यांनी उघडला. मागच्या बाजूला, त्यांच्याच अक्षरातलं लेबल लावलेली एक कॅसेट होती. काजवाली.

जुन्या यंत्रावर त्यांनी ती लावली. आधी स्वतःचा आवाज आला, तरुण आणि खणखणीत, मधूनच कोरडा खोकला. मग एका बाईचा. सपाट, जरासा घोगरा. पुस्तकातली दोन पानं जशीच्या तशी, शब्द इकडचा तिकडे नाही. साहेबांनी कान यंत्राला लावला. तिच्या प्रत्येक उत्तराआधी कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. पेन्सिल थांबली की बाई बोलायची.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी हजेरीपुस्तक पिशवीत घालून ते थेट संपादकबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसले आणि एका दमात सगळं ओकून मोकळे झाले. ती बाई मी रचली. अशी कोणी नव्हतीच.

संपादकबाईंनी चष्मा काढला. "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"मी स्वतः सांगतोय ना तुम्हाला."

"तुम्ही सांगताय. आणखी कोण सांगतंय?" त्या अगदी मायेने बोलत होत्या, आणि तेच साहेबांना जास्त झोंबलं. "पुस्तक आहे, कॅसेट आहे, वहिनींनी तिला पाहिलंय. या बाजूला तुम्ही एकटे. एकाच्या सांगण्यावर कसं छापू? तुम्हीच शिकवलंत की."

"आणि हे हजेरीपुस्तक?"

बाईंनी पानं उलटली. "सह्या काय, माणसं दिवसभराच्या एकदम ठोकतात. तिने डोळ्यांनी पाहिलंय, साहेब."

साहेब तसेच उठले. छापणारे ऐकत नसतील तर निदान त्या मुलीला खरं कळू दे. नाव जायचं तर जाऊ दे, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

मुलगी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होती. दार तिनेच उघडलं. पांढरे केस, दवाखान्यातल्यासारखी स्वच्छ खोली. साहेबांच्या सराईत नजरेला लगेच दिसलं की घरातल्या एकाही दाराला कडी नाही. भोकं तेवढी होती, रंगाने बुजवलेली.

"बाबांनी काढल्या," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकानंतर. घरात कुठलंच दार लावू द्यायचे नाहीत."

आतल्या खोलीचं दार मात्र लोटलेलं होतं.

"मी तेच सांगायला आलोय," साहेब म्हणाले. "तुमच्या बाबांनी काही केलं नाही. ती साक्षीदार खोटी आहे. मी रचली ती."

"हळू बोला जरा." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "तुम्हाला उशीर झाला. मंगळवारीच आल्या त्या."

"कोण त्या?"

"मी त्यांना विचारलं, तुमची खात्री आहे ना? हो म्हणाल्या. बाबा चालताना डावा पाय दाबून टाकायचे, ते सांगितलं. किल्ल्या शर्टाच्या आत ठेवायचे, ते सांगितलं. हे तुमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं." ती एका सुरात बोलत होती. "मी जन्मभर बाबांसाठी भांडले. लग्न मोडलं तरी भांडले. काल त्यांचा फोटो उतरवला."

भिंतीवर एक फिकट चौकोन होता. साहेबांना रडू आलं. ते लपवण्याचंही त्यांना सुचलं नाही.

"अशी बाईच नाही हो," ते म्हणाले.

"मग आत पडल्यात त्या कोण? त्यांना कोणी नाही. म्हटलं, राहा माझ्याकडे." ती उठली. "चहा टाकते. त्यांचीही वेळ झाली."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

साहेब आतल्या दाराशी गेले. फटीतून अंधार दिसत होता, आणि कोणाचा तरी संथ श्वास ऐकू येत होता.

"कोण आहेस तू?" ते पुटपुटले.

श्वास थांबला. मग कॅसेटमधला आवाज आला, सपाट, जरासा घोगरा. "आलात होय, साहेब? आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

साहेबांचं डोकं मात्र चाललं. त्यांनी तोंड फटीला लावलं.

"तिला सांग, वॉचमनने दार लावलं नाही."

"बरं."

इतकंच. वाद नाही, प्रश्न नाही. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते वळणार, इतक्यात ती पुन्हा बोलली.

"मग कोणी लावलं म्हणून सांगू?"

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज बंद झाला होता.

साहेबांनी 'माहीत नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि कुठल्याच कागदाचा आधार नसलेलं एक नाव आयतंच ओठांवर आलं.